पिंजऱ्यातील हुशार पक्षी

मुलांनो, मौलाना रूमी यांच्या मसनवीतील पोपटाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. व्यापाऱ्याच्या पिंजऱ्यातील पोपट मेल्याचे सोंग घेतो. मालक त्याला बाहेर काढतो आणि पोपट भुर्रकन उडून जातो!

ही झाली गोष्ट. पण खरा पोपटही काही कमी नाही. तो पायाचा हातासारखा उपयोग करतो. आपण पिंजऱ्याची कडी कशी लावतो, हे तो पाहत राहतो आणि कधी कधी चोचीने ती उघडतोही.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी १९७७ पासून अ‍ॅलेक्स नावाच्या करड्या आफ्रिकी पोपटाला शिकवले. तो वस्तूंचे रंग व आकार सांगत असे, सहापर्यंत मोजत असे. एकच प्रश्न वारंवार विचारला, की कंटाळून चुकीची उत्तरे देत असे! २००७ साली तो मरण पावला.

एवढ्या हुशार पक्ष्याला पिंजऱ्यात काय वाटत असेल? पोपट थव्याने राहतो. एकटा ठेवला तर तो ओरडतो, कधी आपलीच पिसे उपटतो. शिवाय आपल्याकडील रानपोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

तुमच्या घरी असा पोपट असेल, तर वडीलधाऱ्यांना हे सांगा. मात्र त्याला एकदम सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला रानात जगणे कठीण जाते. वन विभागाला विचारा. आणि अंबडच्या आकाशातून पोपटांचा थवा गेला, तर थांबून जरूर पाहा.