मधुमेह आणि आपलें ताट

मधुमेह जडला असें कळतांच आपल्याकडे पहिली आज्ञा सुटते ती साखरेच्या डब्यावर. चहा बिनसाखरेचा होतो, सणावारीं श्रीखंड व पुरणपोळी समोरून फिरून जातात, आणि मनुष्य हें सारें मोठ्या निग्रहानें पाळतो. तीन महिन्यांनीं रक्त तपासून पाहावें, तों आंकडा जवळजवळ जेथल्या तेथें! मग निग्रह वायां गेला असें वाटून पुष्कळ जण पथ्याचाच नाद सोडतात. वस्तुतः निग्रहांत उणें नसतें. तो अपुऱ्या जागीं खर्च झालेला असतो. तें कसें, हें आज पाहावयाचें आहे.

आपल्या अन्नांत प्रथिनें, स्निग्ध पदार्थ व कर्बोदकें असे तीन प्रमुख घटक असतात. कर्बोदकें म्हणजे मुख्यत्वें शर्करा आणि पिष्ट. पिष्ट जिभेला गोड लागत नाहीं. परंतु तें ग्लुकोजच्याच कणांची लांब सांखळी होय. आंतड्यांत ही सांखळी तुटते आणि ग्लुकोज रक्तांत उतरतें. तेथून तें पेशींत पोंचविण्याचें काम स्वादुपिंडांतून स्रवणाऱ्या इन्शुलिनचें. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत पेशी व यकृत इन्शुलिनला नीटसा प्रतिसाद देत नाहींत, आणि पुढें पुढें स्वादुपिंडहि थकतें. रक्तांतील ग्लुकोज वर्षानुवर्षें चढें राहिलें कीं डोळे, मूत्रपिंडें, पायांच्या नसा आणि हृदय यांना इजा पोंचते. तेव्हां बाहेरून येणारा लोंढाच कमी करावा, हा अल्प-कर्बोदक आहारामागील सरळ विचार आहे.

आतां थोडा हिशेब करूं. चहाच्या एका चमच्यांत साखर सुमारें ५ ग्रॅम. दिवसाचे दोन चमचे सोडले तर १० ग्रॅम वांचले. उलट, तीन मध्यम पोळ्यांना सुमारें ९० ते १०० ग्रॅम कणीक लागते व तींत सुमारें ६० ग्रॅम कर्बोदकें असतात. त्यावर ५० ग्रॅम तांदुळांचा भात घेतला तर आणखी सुमारें ४० ग्रॅम. म्हणजे वरण, बटाट्याची भाजी, फळ यांपैकीं कांहींहि न मोजतां एका जेवणांत शंभर ग्रॅम! कणकेंत तंतु असल्यानें तिचें ग्लुकोज कांहींसें सावकाश उतरतें हें खरें; पण उतरतें तें ग्लुकोजच.

येथेंच दुसरा एक गैरसमज दूर केला पाहिजे. भात सोडून ज्वारीची भाकरी धरली कीं पथ्य झालें, अशी समजूत आहे. ज्वारींत तंतु अधिक, हा तिचा गुण. तथापि शंभर ग्रॅम ज्वारींतहि कर्बोदकें साठ-पासष्ट ग्रॅमांहून कमी नसतात. दोन भाकरींच्या जागीं चार खाल्ल्या तर लाभ कोठला? गूळ व मध हीं तर साखरेचींच भावंडें. आणि उपवासाचा साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिष्ट. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण मधुमेह्याच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरते. धान्य कोणतें, यापेक्षां किती, हा प्रश्न आधींचा आहे.

हा विचार नवाहि नव्हे. जॉन रोलो या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें आपल्या रोग्यास प्रायः मांसाहारावर ठेवून आलेला अनुभव १७९७ मध्यें प्रसिद्ध केला. १८७०-७१ मध्यें पॅरिसला वेढा पडून अन्नाची टंचाई झाली, तेव्हां मधुमेह्यांच्या लघवींतील साखर कमी झाल्याचें बुशार्दा या फ्रेंच वैद्याच्या ध्यानांत आलें. १९२२ मध्यें इन्शुलिनचा उपचार सुरू झाल्यावर असे कडक आहार मागें पडले. अलीकडे मात्र त्यांचा पुन्हां विचार होत आहे. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, २३ प्रयोगांच्या एका आढाव्यांत, अशा आहारावरील शंभरांपैकीं ५७ जणांची एचबीए१सी सहा महिन्यांनीं साडेसहा टक्क्यांखालीं आढळली; इतर आहारांवरील शंभरांत ती ३१ जणांची होती. परंतु वर्ष होतांहोतां हा फरक पुष्कळसा ओसरला. तात्पर्य, जो आहार घरांत टिकतो तोच कामाचा.

तो टिकावा म्हणून ताट उलटें मांडावें. दिवसाकाठीं १३० ग्रॅमांखालीं कर्बोदकें, ही अल्प-कर्बोदक आहाराची रूढ मर्यादा होय. एका जेवणांत एक पोळी किंवा लहान भाकरी. भात दोन घांस, किंवा मुळींच नाहीं. निम्मे ताट पालेभाजी, दुधी, पडवळ, कोबी, भेंडी, काकडीची कोशिंबीर यांनीं भरावें आणि जेवणाचा आरंभ त्यांपासूनच करावा. उरलेल्या जागीं मटकीची अथवा मुगाची उसळ, दही, पनीर, अंडीं, मासे, मूठभर शेंगदाणे. डाळींतहि पिष्ट आहे. पण सोबत प्रथिनें व तंतु भरपूर असल्यानें ती मापांत चालते. पोळीची जागा तूप व वनस्पति तुपाच्या तळणीनें मात्र भरूं नये. रोग्यासाठीं वेगळा स्वयंपाक न मांडतां घरच्या सर्वांनीं याच ताटाकडे वळावें. एकट्यानें पाळलेलें पथ्य फार दिवस टिकत नाहीं.

एक इशारा मात्र नीट ऐकावा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखें औषध चालू असतां एकाएकीं पोळी-भात तोडला, तर रक्तांतील साखर धोक्याइतकी खालीं जाते. दरदरून घाम, हातांना कांप, डोळ्यांपुढें अंधारी, बोलण्यांत भ्रम हीं तिचीं लक्षणें. आंकडा ७० च्या खालीं गेला असतां तीन चमचे साखर पाण्यांतून तत्काळ द्यावी. त्या घटकेला साखर हेंच औषध. डापाग्लिफ्लोझिन वर्गांतील औषधांवर असलेल्यांनीं कर्बोदकें फार कमी केलीं, तर साखर फारशी न चढतांहि रक्तांत आम्ल सांचून प्राणावर बेतूं शकतें. म्हणून आधीं डॉक्टरांस विचारावें, औषधाचें माप त्यांच्याकडून बदलून घ्यावें, आणि मगच ताट बदलावें. गर्भवती स्त्रियांनीं व मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं तर हा प्रयोग आपल्या मतानें करूंच नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत इन्शुलिन कोणत्याहि पथ्यानें सुटत नाहीं, हेंहि विसरूं नये.

घरीं साखर मोजण्याचें यंत्र असेल तर जेवणापूर्वीं व जेवणानंतर दोन तासांनीं आंकडा लिहून ठेवावा. कोणत्या ताटानें तो किती चढला, हें आठ दिवसांची वही स्पष्ट सांगेल. साखरेचा डबा बंद केला हें उत्तमच झालें. आतां तितक्याच निग्रहानें कणकेच्या व तांदुळाच्या डब्याचें मापहि लहान करावें.