लाकडी बैलाच्या चाकापाशी

बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा मागे पडतो आणि मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातलं राजेगाव येतं. राज्य बदलतं, सण तेच राहतात. पोळा झाला की तान्हा पोळा, आणि मुलांच्या हातात दोरीने ओढायचे चाकांचे लाकडी बैल. घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागून झाला की हा बैल माळ्यावर जातो, तो थेट पुढच्या वर्षापर्यंत. मुलाला घरी शिकवणाऱ्या आईबापांनी तो खालीच ठेवावा. गणित आणि भौतिकशास्त्राचं एवढं चांगलं साधन विकतही मिळणार नाही.

त्याच्या चाकावर खडूची खूण करा आणि चाक एक फेरा फिरेपर्यंत बैल ओढा. चाकाची आरपार रुंदी, म्हणजे व्यास, 7 सेंटिमीटर असेल तर बैल सुमारे 22 सेंटिमीटर पुढे जातो. मग मोठ्या चाकाचा बैल घ्या, डब्याचं झाकण घ्या, सायकलचं चाक घ्या. अंतर दर वेळी वेगळं येतं, पण व्यासाच्या तिपटीहून किंचित जास्त, हे नातं सुटत नाही. ‘पाय’चं चिन्ह मूल पुढे कधीतरी शिकेलच. त्याआधी ते नातं त्याच्या हाताखालून गेलेलं असेल.

आता पाट तिरका ठेवून बैल सोडा. फरशीवर तो दूर जातो, सारवलेल्या अंगणात लवकर थांबतो. आसाला तेलाचा थेंब दिला की पल्ला वाढतो. पाठीवर धानाची पुरचुंडी बांधली तर उतारावरून लवकर खाली येईल का? बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतात. करून पाहिल्यावर फारसा फरक दिसत नाही, कारण ओढणारं वजन वाढलं तसं हलवायचं ओझंही वाढलं. हे कारण लगेच सांगू नये, असं मला कळकळीने वाटतं. मुलाला आधी चकित होऊ द्यावं.

याला प्रयोगाचा आधार आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत जायच्या आधीच्या वयातल्या मुलांना त्यांनी अनेक करामती दडलेलं एक खेळणं दिलं. ज्यांना एक करामत शिकवून दाखवली, ती मुलं तिच्यातच अडकली. ज्यांना ती सहज घडल्यासारखी दिसली किंवा दाखवलीच नाही, त्यांनी खेळणं जास्त धुंडाळलं. शिकवलं की मुलाला वाटतं, यात एवढंच आहे.

मध्य प्रदेशाला हे नवं नाही. होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत 1972 साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं पाठांतराऐवजी स्वतः प्रयोग करत. तो हजाराहून अधिक शाळांत पोहोचला आणि 2002 मध्ये बंद करण्यात आला. ही हानी अजून भरून निघालेली नाही. पुण्यातल्या टेल्को कारखान्यातून रजा काढून अभियंता अरविंद गुप्ता 1978 मध्ये या कार्यक्रमात काम करायला गेले. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी आकार बनवले. चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण जागचा हलत नाही. लोखंडी पुलांना त्रिकोण का लागतात, हे त्या काड्या सांगतात.

मात्र खेळणं मुलाचं लाडकं हवं. संगणकतज्ज्ञ सिमोर पेपर्ट यांना लहानपणी मोटारीच्या दातेरी चाकांचं वेड होतं, आणि पुढे पाढे व समीकरणंही ते त्याच चाकांतून समजून घेत. ही गोष्ट सांगताना त्यांनी बजावलं, की सगळ्या मुलांना दातेरी चाकं देऊन काम भागणार नाही. कारण त्यांचं स्वतःचं त्या चाकांवर प्रेम होतं.

म्हणून बैलात मन नसेल तर बाहुली घ्या. हुबेहूब त्याच घाटाची, पण निम्म्या उंचीची दुसरी बाहुली शिवायची, तर कापड किती लागेल? मूल म्हणेल, निम्मं. बेतून पाहिलं की चौथाई लागतं. आणि आत भरायचा कापूस, आठवा हिस्सा.