सिस्टर, जरा इकडे या!

चंडीगढच्या पीजीआय रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका आली, की आधीच्या सिस्टरकडून वॉर्ड ताब्यात घेते. कोणाचे सलाईन संपत आले, कोणाचे औषध बदलले, कोणाला ताप आहे... यातले काही सांगायचे राहिले, तर ते रुग्णालाच भोवते.

1962 साली सुरू झालेल्या या संस्थेत पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीरमधून रुग्ण येतात. गावच्या दवाखान्याने हात टेकले, की माणसे इकडे धाव घेतात. डॉक्टर राउंड घेऊन जातात. मग ‘सिस्टर, आमचा माणूस वाचेल ना?’ हे तिलाच ऐकावे लागते. खोटा धीर देता येत नाही अन् तोंडही फिरवता येत नाही.

तिचे मोठे काम मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. बेशुद्ध रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची. ते चुकले, की पाठीला जखमा होतात आणि मग सगळ्यांना दिसते! 1973 मधील हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना मुंबईच्या केईएममधील परिचारिकांनी 2015 पर्यंत जपले, ते अशाच कामातून.

2016 मध्ये केंद्र सरकारने ‘स्टाफ नर्स’चे ‘नर्सिंग ऑफिसर’ केले. खाटेवरून हाक मात्र ‘सिस्टर’ अशीच येते.

सकाळी ती घरी पोहोचते, तेव्हा मुले शाळेला गेलेली असतात. ओटा आवरून जरा डोळा लागतो न लागतो, तोच दारावरची घंटा वाजते.