‘आयर्नमन’च्या हंगामाचे गणित

३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकलिंग आणि लगेच ४२.२ किलोमीटर धावणे! १९७८ मध्ये हवाई बेटांवर सुरू झालेली ‘आयर्नमन’ शर्यत साधारणतः १७ तासांत पूर्ण करावी लागते. नोकरी सांभाळून सराव करणाऱ्या हौशी खेळाडूची खरी कसोटी मात्र हंगामाच्या नियोजनातच लागते. अशा शर्यतींची गर्दी केल्यास शरीराची झीज भरून निघत नाही आणि एखादी दुखापत अख्खे वर्ष वाया घालवू शकते. त्यामुळे मुख्य लक्ष्य एकच ठेवून, त्याआधी काही आठवडे अर्ध्या अंतराची शर्यत रंगीत तालीम म्हणून निवडणे श्रेयस्कर. २०१९ मध्ये गोव्यात सुरू झालेली ‘आयर्नमन ७०.३’ याच अंतराची. अखेरच्या दोन-तीन आठवड्यांत सराव कमी करणे म्हणजे आळस नव्हे. थकवा उतरतो आणि मेहनत अंगी मुरते, ती त्याच काळात.