हळदीच्या तांबडेपणाचे तीन अर्थ

हळद व चुना एकत्र आले की तांबडा रंग उत्पन्न होतो, हे महाराष्ट्रातील घराघराला ठाऊक आहे. हळदीचा डाग पडलेले वस्त्र साबण लावताच लाल होते, हाही नित्याचा अनुभव होय. हळद ही अल्काची दर्शक आहे, असे या दोहोंचे कारण सांगितले जाते व ते यथार्थ आहे. परंतु ‘हळद तांबडी झाली, सबब तेथे अल्क आहे’ हे उलट विधान मात्र टिकत नाही. हा भेद तीन साध्या प्रयोगांनी स्पष्ट होतो.

हळदीची पूड मद्यार्कात ढवळून गाळावी व त्या अर्कात गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवाव्यात. अर्कातील प्रमुख पिवळे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. फोगेल व पेल्त्ये यांनी ते १८१५ मध्ये वेगळे केले. त्याची संरचना १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. मद्यार्कातील कर्क्युमिन सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषून घेते. म्हणून ते पिवळे दिसते.

पहिल्या प्रयोगात पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब सोडावा. पट्टी तांबूस-तपकिरी होते, आणि लगेच लिंबाचा रस टाकल्यास पुन्हा पिवळी होते. अल्कामुळे कर्क्युमिनच्या रेणूतील प्रोटॉन निघून जातो, उरलेला ऋणभार एकाआड एक द्विबंधांच्या साखळीवर पसरतो व शोषण दीर्घ तरंगलांबीकडे सरकते. अम्लाने प्रोटॉन परत मिळताच मूळ रंग येतो. तथापि पट्टी दीर्घकाळ अल्कात राहिल्यास रेणूचेच विघटन होते व पिवळेपणा पूर्ववत होत नाही.

दुसऱ्या प्रयोगात टाकणखाराचा द्राव घ्यावयाचा. परंतु हा द्राव स्वतः अल्कधर्मी असल्याने तो तसाच वापरल्यास फसगत होते. म्हणून त्यात विरल हायड्रोक्लोरिक अम्ल घालून तो स्पष्टपणे अम्लधर्मी करावा, पट्टी त्यात बुडवावी व मंद उष्णतेवर वाळवावी. वाळता वाळता तीवर तांबडा रंग चढतो. अल्काने आलेल्या रंगाप्रमाणे हा अम्लाने नाहीसा होत नाही. उलट अमोनियाच्या द्रावाने तो हिरवट-काळा होतो. येथे बोरॉनचा अणू कर्क्युमिनशी बद्ध होऊन नवे संयुग बनते. याच प्रक्रियेच्या आधारे पाण्यातील व मातीतील अत्यल्प बोरॉनचे मापन करतात.

तिसरा प्रयोग प्रयोगशाळेतच करावा. हळदीच्या अर्कात संहत हायड्रोक्लोरिक अम्ल घातल्यास शुद्ध हळदीलाही लाली येऊ शकते. पण भरपूर पाणी घालताच ती जाते. हळदीत भेसळ म्हणून मिसळला जाणारा, खाद्यपदार्थांत निषिद्ध असलेला मेटॅनिल यलो हा रंग असल्यास गुलाबी-जांभळी छटा पाणी घातल्यावरही टिकते. केवळ लाली पाहून भेसळीचा निर्णय दिल्यास निर्दोष मालावर दोष येईल.

तिन्ही ठिकाणी प्रथमदर्शनी खूण एकच. अर्थ मात्र पुढच्या कृतीने कळतो. कुंकवाच्या बाबतीत या विवेकाची विशेष गरज आहे. हळकुंडांना लिंबाचा रस व टाकणखार यांचा संस्कार करून कुंकू बनविण्याची जुनी कृती आहे. मिश्रण अम्लधर्मी राहत असेल, तर चुन्याचे परिचित स्पष्टीकरण तेथे लागू पडत नाही; बोरॉनच्या संयुगाकडेच पाहावे लागते. याची परीक्षा करणे कठीण नाही. हळदीचे तीन भाग करावेत : एकास केवळ रस, दुसऱ्यास केवळ टाकणखार व तिसऱ्यास दोन्ही द्यावीत, आणि वाळल्यानंतर तिन्हींवर ताजा लिंबाचा रस शिंपडावा. तिसऱ्याचीच लाली टिकली, तर ती अल्काची नव्हे, हे सिद्ध होईल.