स्टेअरिंगचा खेळ नेमका कुठे?

अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे राज्यभर ठाऊक झाले. गाडीच्या दृष्टीनेही या गावाची जागा बोलकी आहे. एका अंगाला काळ्या मातीचे शिवाररस्ते आणि उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, दुसऱ्या अंगाला वडीगोद्रीवरून जाणारा चौपदरी धुळे-सोलापूर महामार्ग. जुनी बोलेरो किंवा स्कॉर्पिओ घेणारा माणूस एकाच दिवशी दोन्हीकडे ती चालवतो. शिवारात ताशी २० किलोमीटरने जाताना स्टेअरिंग ढिले आहे हे हाताला कळतही नाही. महामार्गावर वेग ९० झाला की गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. हात फिरवल्यावर चाक वळायला पाव सेकंद उशीर झाला तरी सहा मीटर निघून जातात. मग गाडी भटकू लागते आणि सरळ रस्त्यावरही हात सारखे डावे-उजवे करत राहतात.

अशा वेळी दोनच सल्ले मिळतात: ‘अलाइनमेंट करून घ्या’ नाहीतर ‘बॉक्स टाइट करून टाका’. दोन्हींत एक गृहीत धरलेले आहे, की दोष एका जागी आहे. वास्तविक हातातले चाक आणि रस्ता यांच्यामध्ये भली मोठी साखळी असते. कॉलम, त्यातले यूजे क्रॉस, रॅक किंवा बॉक्स, टाय रॉड आणि त्यांचे एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, व्हील बेअरिंग आणि शेवटी टायर. प्रत्येक ठिकाणी केसभर झीज झाली तरी हाताला लागते ती सगळ्या फटींची बेरीज. म्हणून तपास रस्त्याकडून वर, हाताच्या दिशेने व्हायला हवा, आणि बॉक्सचा स्क्रू पिळण्याची पाळी सर्वांत शेवटी यायला हवी.

सुरुवात टायरपासून, कारण तिथे फुकटात बरेच कळते. हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत लवते आणि वळण उशिरा लागते. रुबाबासाठी बसवलेले जास्त रुंद, उंच, खोल खाचांचे टायर हाच ढिलेपणा एकही सुटा भाग न झिजता आणतात. टायरवरून आडवा तळहात फिरवून पाहावा. एका बाजूने जाताना गुळगुळीत आणि परत येताना खरखरीत लागला, तर टो (वरून पाहता चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) बिघडलेला आहे. टो बिघडला म्हणजे अलाइनमेंट हवीच. पण ती का बिघडली हे न शोधता केलेली अलाइनमेंट टिकत नाही. टाय रॉडचा एंड सैल असेल तर मशिनवर जमलेला आकडा पहिल्या खड्ड्यात हलतो.

खरी मेहनत सांध्यांपाशी आहे, आणि त्याला मशिन लागत नाही, दोन माणसे लागतात. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाके टेकलेली, इंजिन चालू. इंजिन चालूच हवे, कारण हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगच्या व्हॉल्व्हमधला टॉर्शन बार बंद गाडीत पिळला जातो आणि नसलेला खेळ दाखवतो. एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवी हलवत राहायचे. दुसऱ्याने हँडब्रेक आणि चाकांमागचे दगड तपासून खाली एकेका सांध्यावर बोट ठेवायचे. दांडी हलली पण तिच्या पुढचा भाग मागाहून हलला, तर फट तिथेच आहे. बोटाखाली ती ‘टक्’ अशी लागते. रॅक पिन्यन फिरताना आडवी सरकण्याऐवजी आधी सबंध हाउसिंगच हलत असेल, तर तिचे रबरी बुश गेलेले आहेत. मग चाक जॅकवर उचलून खाली स्टँड लावावा. वर-खाली धरून हलवताना खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कुणाला तरी ब्रेक दाबायला लावल्यावर तो नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरल्यावर लागला तर संशय टाय रॉडवर. आपल्याकडे सांध्यावरचे रबर आवर्जून पाहायला हवे. ते फाटले की काळा चिखल आत जातो, ग्रीस वाहून जाते आणि वाळलेली माती पॉलिश पेपरचे काम करते.

‘एवढे कशाला, बॉक्सचा स्क्रू फिरवला की घट्ट होते’ हा आक्षेप अनुभवातून येतो, कारण तसे केल्यावर हाताला लगेच फरक पडतो. पण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून जिप्सीसारख्या गाडीच्या बॉक्समधले दाते काय किंवा स्कॉर्पिओसारखीची रॅक काय, मधोमध जास्त झिजतात. तिथला खेळ जाईपर्यंत स्क्रू पिळला की कमी झिजलेल्या बाजूंना दाते आवळतात, आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. ढिल्या स्टेअरिंगपेक्षा अडकणारे स्टेअरिंग अधिक घातक.

दुसरे म्हणणे असे, की चॅसीवरच्या उंच गाडीचे स्टेअरिंग जरा सैलच असते. यात तथ्य आहे. पण उपजत सैलपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो, महिन्यागणिक वाढत नाही आणि आवाज करत नाही. कायद्याचा आधार तर त्याहून फसवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम स्टेअरिंगला ३० अंशांपर्यंत खेळ चालवून घेतो. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ही कडेने मोजलेली जवळपास १० सेंटिमीटर मोकळी फिरकी झाली! ही सहनशीलतेची शेवटची रेघ आहे, तब्येतीची खूण नव्हे. त्याच नियमात बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात असेही आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि फिटनेस तपासणी त्यानंतर, फेरनोंदणीच्या वेळी. म्हणजे एमएच २१ (जालना) ची दहा वर्षांची पांढऱ्या पाटीची गाडी कुणा निरीक्षकाने खालून कधी पाहिलेलीच नसण्याची शक्यता मोठी आहे.

तेव्हा पाहणारे तुम्हीच. टोकन देण्याआधी अर्धा तास मागून घ्या, सोबत एक जाणता माणूस न्या आणि सैल निघालेला प्रत्येक सांधा किमतीतून वजा करा. इंजिन चालू ठेवून खाली वाकून पाहू द्यायला विकणारा तयार नसेल, तर ती गाडी घेऊ नका.