नोटा मोजताना बोलू नये

मी बँकेत लागलो तेव्हा, म्हणजे १९८२ साली, आमच्या शाखेत नोटा हातानेच मोजल्या जात. हेडकॅशियर जाळीच्या पिंजऱ्यात बसत. ओल्या स्पंजावर बोट टेकवायचे, शंभर नोटांची गड्डी डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताने झरझर उलटत जायचे. ते मोजत असताना खुद्द मॅनेजरसाहेब समोर येऊन उभे राहिले तरी मान वर होत नसे. गड्डी संपली, तिला कागदाची पट्टी चढली, की मग चष्म्यावरून बघत म्हणायचे, "हं, बोला साहेब." मी नवखा होतो. एकदा गड्डीच्या मध्यावरच मी त्यांना काहीतरी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. मोजलेल्या नोटा पुन्हा एकत्र केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नंतर चहाच्या वेळी एवढेच म्हणाले, "हात मोजत नाहीत रे, डोकं मोजतं. हात नुसते नोटा उलटतात."

हे वाक्य मला चाळीस वर्षांनी पुन्हा आठवले, ते एका मोटारगाडीमुळे.

आमच्या चिरंजीवांनी नवी गाडी घेतली. शोरूममधल्या तरुणाने आम्हाला अर्धा तास गाडी समजावून सांगितली. त्यात इंजिनाचा उल्लेख एकदाच आला. बाकी सगळा वेळ फोन कसा जोडायचा आणि चार्जिंग कुठे करायचे यात गेला. पुढे दोन सॉकेट, मागे दोन, शिवाय डिकीत एक. नातू खूश, सूनबाई खूश. मी आपला "मायलेज किती?" एवढाच प्रश्न विचारून गप्प बसलो.

माझ्या पहिल्या गाडीत डॅशबोर्डवर एक काळी कळ होती. ती आत दाबली की थोड्या वेळाने आतली तार लालबुंद होई आणि कळ 'टक्' करून आपोआप बाहेर येई. तिच्यावर सिगारेट पेटवायची. मी सिगारेट ओढत नसल्याने आमची कळ कोरीच राहिली. पण गंमत बघा, गाडीतली सिगारेट गेली आणि तिचे सॉकेट मात्र राहिले! त्यात बारा व्होल्टची वीज तयारच होती. मोबाइल आले तेव्हा चार्जर बनवणाऱ्यांना हे आयते बीळ मिळाले. आता शेजारी यूएसबीच्या चपट्या खाचाही आल्या आहेत, तरी ते जुने गोल सॉकेट अजून पुष्कळ गाड्यांत टिकून आहे.

मात्र या सॉकेटला घरातल्या प्लगाचा धाकटा भाऊ समजू नये. त्याच्यामागे साधारणपणे दहा किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो. बाराने गुणले की १२० ते १८० वॅट झाले. फोनला दहा-वीस वॅट पुरतात, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंपही निभावतो. पण इन्व्हर्टर लावून त्यावर चहाची हजार वॅटची किटली चालवू म्हणाल, तर ऐंशीहून जास्त अँपिअर लागतील. फ्यूज उडणार, आणि उडालेलाच बरा. त्याच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालण्याची जी आपली जुनी खोड आहे, ती गाडीत तरी करू नये. तापतात त्या डॅशबोर्डामागच्या वायरी, आणि त्या आपल्याला दिसत नाहीत.

आमची पहिली फजिती याच सॉकेटने केली. मालवणहून परतताना सौभाग्यवतींनी सुरमई घेतली आणि ती विजेवर चालणाऱ्या गार डब्यात ठेवली. कोल्हापूरला मुक्काम केला. किल्ली काढली तरी आमच्या गाडीतले डिकीचे सॉकेट चालूच राहते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतीच 'टिक् टिक्'. हिशेब सोपा होता. लहान गाडीची बॅटरी साधारण पस्तीस अँपिअर-तासांची. डबा ओढत होता चार अँपिअर. रात्री दहा ते सकाळी सात, नऊ तास. नऊ चोक छत्तीस! खात्यात पस्तीस आणि चेक छत्तीसचा. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या घरात असा चेक फाडला जावा, यासारखी नामुष्की नाही. शेवटी पाव्हण्यांच्या शेजाऱ्यांनी धक्का मारला. सुरमई मात्र ताजी होती. सांगायचा मुद्दा असा, की काही गाड्यांत किल्ली काढल्यावर सॉकेट बंद होते, काहींत होत नाही. आपल्या गाडीत काय आहे ते आजच बघून ठेवावे.

दुसरी गंमत फोनची. गाडी आणि फोन यांची गाठ बांधणाऱ्या बिनतारी व्यवस्थेचे नाव ब्लूटूथ. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये या टोपणनावाचा एक राजा होता, हॅराल्ड. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे जोडले, म्हणून यंत्रांना जोडणाऱ्या या तंत्राला १९९७ मध्ये इंटेलचे जिम कार्डाक यांनी त्याचे नाव सुचवले. फोन खिशातच राहतो. छताजवळचा मायक्रोफोन आपला आवाज उचलतो, आणि पलीकडच्याचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो. सगळ्या स्पीकरमधून, हे महत्त्वाचे!

आम्ही सगळे कराडला निघालो होतो. सूनबाईचा फोन गाडीला जोडलेला. विहीणबाईंचा फोन आला आणि सगळ्या गाडीत आवाज घुमला, "काय गं, सासूबाई गावाला जाणार होत्या ना? गेल्या का? तेवढीच सुटलीस चार दिवस!" मागच्या सीटवर सासूबाई पेरू खात होत्या. सूनबाई घाईघाईने म्हणाली, "आई, आम्ही सगळे गाडीत आहोत." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "सगळे म्हणजे?" आमच्या सौभाग्यवतींनी पुढे वाकून छताकडे तोंड केले आणि म्हणाल्या, "मीही आहे हो विहीणबाई. पेरू गोड आहेत, तुमच्यासाठी ठेवते." दोघी हसल्या म्हणून निभावले. तेव्हापासून आमच्याकडे गाडीत फोन घेतला की पहिले वाक्य ठरलेले: स्पीकर चालू आहे, गाडीत अमुक अमुक आहेत.

आणखी एक गोष्ट माझ्यातल्या बँकवाल्याला खटकली. फोन जोडताना आपण सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणत गेलो, तर फोनमधली नावे, नंबर आणि कोणाला केव्हा फोन केला याची यादी गाडी आपल्याकडे उतरवून घेते. जुनी गाडी विकताना आपण आरसी बुक बघतो, विमा बघतो, सीटखालची नाणीसुद्धा वेचतो. ही यादी मात्र तशीच जाते. म्हणजे गाडीबरोबर पासबुकही विकल्यासारखेच. भाड्याच्या गाडीतही तेच. परत देण्यापूर्वी गाडीच्या पडद्यावरून आपला फोन आणि ही माहिती काढून टाकावी. दोन मिनिटांचे काम आहे.

असो. या सगळ्या हसण्यावारी नेण्यासारख्या गोष्टी. ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ती गोष्ट तशी नाही.

गेल्या वर्षीची एक संध्याकाळ. चिरंजीव एकटेच साताऱ्याहून पुण्याला येत होते. मी घरी. वाईच्या आमच्या जुन्या घराच्या वाटणीचा विषय चालू होता, आणि त्या दिवशी चुलतभावाचे एक पत्र आल्यामुळे माझे डोके तापले होते. मी फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, मी गाडी चालवतोय." मी म्हणालो, "मग काय झालं? तुझे हात मोकळे आहेत ना? एवढं एकच सांग." त्या एकाचे किती झाले ते मी मोजले नाही. मी आकडे सांगत होतो, तो मनात बेरजा करत होता. शिरवळजवळ त्याचे एक वाक्य अर्ध्यावर तुटले. ब्रेकचा आवाज आला, काहीतरी पत्र्याचे आपटल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन काही न विचारता समोर बसल्या. दहा-बारा मिनिटांनी त्याचा फोन आला. तो सुखरूप होता. दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल रस्ता ओलांडत होती, तिला धक्का लागला होता. त्या माणसाचे मनगट मोडले होते, आणि रस्त्यावर दूध पसरले होते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी १०८ ला फोन लावत होतो आणि मध्ये सारखा तुमचाच फोन येत होता." ते वाक्य मला आजही झोपू देत नाही.

पुढचे सगळे रीतसर झाले. पोलिसांत नोंद झाली, दवाखान्याचा खर्च आम्ही केला, विम्याचे काम झाले. मी स्वतः त्या दूधवाल्याला भेटून आलो. चाळिशीचा, दोन म्हशींवर घर चालवणारा माणूस. मनगट प्लास्टरमध्ये, त्यामुळे महिनाभर धारा त्याची बायको काढणार होती. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होते. चिरंजीवांना तो म्हणाला, "तुम्ही माझ्याकडंच बघत हुता की साहेब! म्हणून तर मी गाडी पुढं घातली."

चिरंजीवांचेही म्हणणे तेच. "बाबा, माझे डोळे रस्त्यावरच होते. हात स्टिअरिंगवर होते. वेग साठच्या आत होता. पण तो मला दिसलाच नाही." हात मोजत नाहीत, डोके मोजते. पिंजऱ्यातले हेडकॅशियर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

मग मी या विषयावर वाचायला लागलो. ही काही आमच्याच घरची नवलाई नव्हती. टोरांटोमध्ये रेडेलमायर आणि टिब्शिरानी या दोघांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांची टेलिफोनची बिले तपासली होती. १९९७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका चौपट होतो, आणि फोन हातात नसला तरी त्यात काही बचत दिसत नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनावट गाडीत माणसे बसवून प्रयोग केले. हात मोकळे ठेवून बोलणारेसुद्धा सिग्नल चुकत होते. २००३ सालच्या त्यांच्या प्रयोगात तर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडल्याचे यंत्राने टिपले होते, तरी नंतर विचारल्यावर ते फलक त्यांना नीट ओळखता येत नव्हते. डोळे बघतात आणि मन नोंद करत नाही. चेक आला, शिक्का बसला, पण लेजरमध्ये एंट्री झाली नाही, असा हा प्रकार. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. तेवढ्यात एक एंट्री राहिली तरी पुरे.

कोणी म्हणेल, मग गाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचेच नाही का? मलाही हा प्रश्न पडला होता. याचेही उत्तर त्याच विद्यापीठातल्या २००८ सालच्या प्रयोगात मिळते. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. समोर ट्रक आडवा आला की तो बोलता बोलता थांबतो, उलट "अरे, समोर बघ" म्हणून सावध करतो. आमच्या सौभाग्यवती तीस वर्षे माझ्या शेजारी बसून "अहो, सावकाश" म्हणत आल्या. मी त्याला कटकट म्हणत असे. ती माझी दुसरी नजर होती. फोनवरच्या माणसाला मात्र ना ट्रक दिसतो, ना दूधवाला. तो आपले वाटणीचे आकडे सांगत राहतो.

कायदा काय म्हणतो? २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणे हे धोकादायक चालवणे ठरले. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. २०२० मध्ये नियमात एवढी सवलत आली, की रस्ता बघण्यापुरता फोन, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरावा. कायद्याची नजर हातावर आहे, कारण पोलिसाला हातच दिसतो. मन कुठे आहे, ते कोणत्या चौकात तपासणार?

हे उपकरण वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्या संध्याकाळी चिरंजीवांचा फोन दिवसभराच्या कामाने संपत आलेला होता. गाडीतल्या सॉकेटवर तो लावलेला होता, म्हणूनच १०८ ला फोन लागला आणि रुग्णवाहिका आली. रात्रीच्या घाटात, पावसाळ्यात, जिवंत फोन जवळ असणे ही केवढी सोय! जे भाड्याची गाडी चालवून पोट भरतात, त्यांची तर फोनवाचून सुटका नाही. माझे म्हणणे आहे ते फोन करणाऱ्याबद्दल, म्हणजे घरात पंख्याखाली बसून नंबर लावणाऱ्या तुमच्या-माझ्याबद्दल.

बँकेत कर्जाला जामीनदार लागतो. सही करताना जामीनदाराला वाटते, कर्ज दुसऱ्याचे आहे, आपली नुसती सही. पण कायद्याने त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि ते त्याला नोटीस आल्यावर कळते. गाडी चालवणाऱ्याला फोन करणारा हा असाच जामीनदार असतो. मला नोटीस शिरवळहून आली. थोडक्यात आली, हे माझे नशीब, आणि त्या दूधवाल्याचेही.

आता आमच्या घरात एक नियम आहे. फोन लावला की पहिला प्रश्न, "गाडी चालवतोयस का?" उत्तर 'हो' आले की पुढे एकच वाक्य, "मग पोचल्यावर कर." त्यानंतर फोन ठेवायचा तो आपण, त्याने नव्हे. कारण पोराला बापाचा फोन मध्येच तोडता येत नाही. सुरुवातीला सौभाग्यवतींना हे जड गेले, आता नातूसुद्धा पाळतो.

परवा चिरंजीव साताऱ्याहून येत होते. संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, शिरवळला चहाला थांबलोय. गाडी बंद आहे. बोला आता, काय म्हणत होतात?"

मी म्हणालो, "काही नाही रे. आधी चहा घे."